मोजणी आणि अर्थ : सांगोल्यातून वाचलेली एक वर्तन-मापनश्रेणी

समीक्षेचा विषय म्हणून कोणी एखादी मापनश्रेणी निवडली, तर ते काही वाचकांना विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, कादंबरी हे समीक्षेचे रूढ विषय. तक्ते आणि गुणांकने यांचे परीक्षण मानसशास्त्रज्ञांनी करावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तथापि ज्या मजकुरावरून एखाद्या माणसाचे शिक्षण, निवास, उपचार आणि कित्येकदा स्वतःच्या शरीरावरील त्याचा अधिकारही ठरतो, तो मजकूर ललित नसला तरी समीक्षेच्या कक्षेबाहेरचा खास नव्हे. त्यालाही निवेदक असतो, त्यालाही दृष्टिकोन असतो. त्यातही काही पात्रे रंगमंचावर येतात आणि काही पडद्याआड राहतात. प्रस्तुत लेखात अशा एका मजकुराचे परीक्षण करण्याचे योजिले आहे.

हा मजकूर म्हणजे भारतीय बौद्धिक अक्षम मुलांसाठी तयार करण्यात आलेली, 'बेसिक-एम.आर.' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी वर्तन-मापनश्रेणी होय. रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन या दोघांनी ती सिद्ध केली आणि १९९२ साली सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ती प्रसिद्ध केली. १९८४ साली स्थापन झालेली ही संस्था आज राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान या नावाने कार्य करीत आहे. परदेशी श्रेण्यांचे भाषांतर न करता येथील घर, येथील शाळा आणि येथील शिक्षक डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा प्रयत्न असल्यामुळे त्याचे महत्त्व मोठे आहे. पुढे जे दोषदर्शन येईल, ते या ऋणाची जाणीव ठेवूनच केलेले आहे.

श्रेणीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात २८० कलमे असून ती सात क्षेत्रांत विभागलेली आहेत : हालचाल, दैनंदिन जीवनातील क्रिया, भाषा, वाचन-लेखन, संख्या व काळ, घरगुती व सामाजिक व्यवहार, आणि व्यवसायपूर्व कौशल्ये व पैसा. दुसऱ्या भागात ७५ कलमे असून ती दहा गटांत मांडलेली आहेत : हिंसक व विध्वंसक वर्तन, संतापाचे झटके, इतरांशी गैरवर्तन, स्वतःस इजा करणे, पुनःपुन्हा तीच कृती करणे, विचित्र वर्तन, अतिचंचलता, बंडखोर वर्तन, समाजविघातक वर्तन आणि भीती. पहिला भाग मुलाला काय येते हे विचारतो. दुसरा, मुलाचे काय चुकते हे विचारतो. वरवर पाहता ही एकाच नाण्याची दोन अंगे वाटतात. परंतु दोहोंची गुणदानपद्धती शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्यांच्यातील अंतर लक्षात येते, आणि माझ्या मते या श्रेणीचे मर्म त्या अंतरातच आहे.

पहिल्या भागातील कोणतेही कलम घ्या. मूल ती क्रिया स्वतंत्रपणे करीत असेल तर ५ गुण; खुणेने केल्यास ४; तोंडी सूचना द्यावी लागल्यास ३; हात धरून करवून घ्यावे लागल्यास २; सर्वस्वी परावलंबी असल्यास १; आणि कलम लागूच नसेल तर ०. या अंकांकडे नीट पाहिले असता दिसून येईल की हे गुण एकट्या मुलाचे नाहीत. प्रत्येक अंकात दुसरा एक माणूस उभा आहे. २ म्हणजे कोणी तरी हात धरला. ३ म्हणजे कोणी तरी बोलले. ४ म्हणजे कोणी तरी नुसती नजर वा बोट दाखविले. क्षमता ही मुलाच्या डोक्यात बंद करून ठेवलेली वस्तू नसून ती दोन माणसांमधील नाते आहे, असा सिद्धान्त येथे कोणताही गाजावाजा न करता मांडला गेला आहे. 'येते' आणि 'येत नाही' यांच्यामध्ये या श्रेणीने पायऱ्या बांधल्या. त्या पायऱ्या म्हणजे शिक्षकाला दाखविलेली वाटच होय.

आता दुसऱ्या भागाकडे वळावे. येथे गुणदान तीनच अंकांचे आहे : कधीच नाही, ०, क्वचित, १, वारंवार, २. मूल चावते काय? वारंवार. वस्तू फेकते काय? क्वचित. पहिल्या भागात पावलोपावली भेटणारा तो दुसरा माणूस येथे नाहीसा झालेला आहे. कोणाला चावते, कोठे, कशाच्या आधी, आणि चावल्यावर काय घडते, याला अंकात जागा नाही. पहिल्या भागात मूल कोणाबरोबर तरी असते. दुसऱ्या भागात ते एकटे पडते. चांगले ते दोघांचे आणि वाईट ते मात्र एकट्या मुलाचे, असा हा हिशेब आहे.

या विधानावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो आधीच नोंदविणे उचित होय. याच लेखकद्वयाने त्याच वर्षी शिक्षकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाही लिहिली. समस्यात्मक वर्तन हाताळण्यापूर्वी त्या वर्तनाच्या आधी, प्रत्यक्ष वेळी आणि नंतर काय घडते हे पाहावे, असा उपदेश तीत आहे. म्हणजे लेखकांना हा प्रश्न ठाऊक होता. परंतु मजकुराचे आयुष्य लेखकाच्या हेतूवर चालत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको. पुस्तिका कपाटात राहते आणि तक्ता फायलीत जातो. फायलीतील तक्त्यावर जी बेरीज असते, तीच पुढे त्या मुलाची ओळख होऊन बसते.

हा तक्ता सांगोल्यासारख्या ठिकाणी भरला जातो तेव्हा काय होते, ते आता पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील हा तालुका माणदेशातील अवर्षणप्रवण मुलूख आहे. गावठाणाबाहेर शेतात विखुरलेल्या वस्त्या, माण नदीचे बहुधा कोरडे पात्र, खिलार जनावरांचा बाजार आणि गेल्या काही दशकांत पसरलेल्या डाळिंबाच्या बागा, हे येथील जीवनाचे ठळक विशेष. समजा, महूद किंवा कोळे यांच्या बाजूस एका वस्तीवर दहा वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा राहत आहे. तो स्वतःचे मनगट चावतो. तपासनीसाने आईला विचारले, 'किती वेळा?' आई म्हणाली, 'सारखाच.' तक्त्यात २ हा अंक पडला.

परंतु ही तपासणी कोणत्या महिन्यात झाली? बहर धरलेला असताना बागेत तेल्यासाठी फवारणी चालते, ब्लोअरचा कर्कश आवाज वस्तीभर घुमतो, तोडणीला परके मजूर येतात, माल भरावयाला गाड्या लागतात आणि आईला दिवसभर मुलाकडे पाहावयास सवड नसते. बाग ताणावर सोडलेली असते त्या दिवसांत यांतले काहीच नसते. त्याच मुलाचा अंक एका महिन्यात २ आणि दुसऱ्यात ० येऊ शकेल. २०१२–१३ आणि २०१८–१९ च्या दुष्काळांत तालुक्यात ठिकठिकाणी चारा-छावण्या उघडाव्या लागल्या आणि घरातील माणसे जनावरांमागोमाग छावणीत राहावयास गेली. ज्या मुलाचा सारा धीर ठरलेल्या जागेवर आणि ठरलेल्या वेळेवर अवलंबून असतो, त्याच्या लेखी याचा अर्थ काय झाला असेल? तक्ता दुष्काळाची नोंद करीत नाही. तो मुलाची नोंद करतो. दुष्काळाचे गुण मुलाच्या नावावर लागतात.

मनगट चावण्याचे निदान दोन अर्थ संभवतात. ब्लोअर सुरू झाला की मूल चावते आणि त्याला घरात नेले की थांबते, असे असेल तर ते 'मला येथून न्या' असे म्हणत आहे. आई कामात गढली की चावते आणि ती धावत आली की थांबते, असे असेल तर ते 'माझ्याकडे पाहा' असे म्हणत आहे. कृती एकच, अंक एकच. अर्थ मात्र भिन्न आणि उपायही भिन्न. पहिल्या अर्थी यंत्र सुरू होण्याआधी ठराविक खूण करून मुलाला कळविणे, त्याच्यासाठी शांत जागा राखणे आणि 'पुरे' अशी हाताची खूण त्याला शिकविणे, हे साहाय्य होईल. दुसऱ्या अर्थी तेच उपाय व्यर्थ जातील. तेथे मुलाने चावण्यापूर्वीच त्याच्याकडे थोडथोड्या वेळाने लक्ष देणे आणि आईला बोलावण्याची एखादी खूण त्याला शिकविणे अगत्याचे ठरेल. अर्थ न लावता केलेला उपाय हा अंधारात मारलेला दगड होय.

हा विचार प्रस्तुत लेखकाचा नवा शोध नाही. १९८२ साली ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःस इजा करणाऱ्या मुलांना निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून, कोणत्या परिस्थितीत हे वर्तन वाढते याची पद्धतशीर परीक्षा केली. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांवरील प्रयोगांतून दाखविले की, साहाय्य किंवा लक्ष मागण्याचा साधा शब्दप्रयोग शिकविला असता तेच साध्य करण्यासाठी होणारे त्रासदायक वर्तन घटते. १९९० साली रॉबर्ट हॉर्नर आदींनी शिक्षेवाचून वर्तन-साहाय्य कसे करावे याची मांडणी केली. या साऱ्याला पार्श्वभूमी होती ती त्यापूर्वीच्या काळाची. त्या काळी वर्तनवादाच्या नावाखाली अशा मुलांना विजेचे झटके देण्यापर्यंत मजल गेली होती. ब्रिटनमध्ये १९८७ च्या सुमारास 'आव्हानात्मक वर्तन' हा शब्द पुढे आला, तोही याच जाणिवेतून. आव्हान आहे ते सेवा देणाऱ्यांना. मूल आपल्या अंगावर समस्या वागवीत हिंडत नसते, असा त्याचा आशय होता. मराठीत आपण मात्र 'वर्तनसमस्या असलेले मूल' असाच प्रयोग रूढ केला, आणि आव्हान पुन्हा मुलाच्या माथी मारले.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या भागातील गटांच्या नावांचाही विचार केला पाहिजे. 'हिंसक', 'स्वतःस इजा' या नावांत निदान काही परिणाम वर्णिलेला आहे. पण 'विचित्र' म्हणजे काय? विचित्रपणा हा कृतीचा गुण नसून पाहणाऱ्याचा अभिप्राय आहे. शरीर झुलविणे, बोटे डोळ्यांपुढे हलविणे यांपासून कोणालाही उपद्रव नसतो. स्वमग्नता असलेल्या अनेक प्रौढांनी अशा हालचालींमुळे आपणांस स्वस्थता मिळते असे सांगितले आहे. ('स्वमग्न' हा शब्दही असाच आहे. निदानाचे नाव म्हणून तो रुळला खरा. पण त्यातून मुलाच्या अंतरंगाविषयी आपण परस्पर एक निवाडा देऊन मोकळे होतो.) 'बंडखोर' हे नाव तर याहून चिंत्य होय. सांगितलेले न ऐकणे, नकार देणे, अंग चोरणे हे ज्याला शब्द नाहीत अशा माणसाचे 'नाही' असू शकते. त्या 'नाही'ला दोषांच्या यादीत घातले, की त्याचा नकार ऐकण्याचे आपले कर्तव्यच संपते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे पटण्यासाठी महाराष्ट्रातील एका घटनेचे स्मरण करणे भाग आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षम मुलींपैकी काहींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या वेळी या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आणि अन्य नागरिकांनी तीव्र निषेध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. या घटनेची चर्चा नीतीच्या आणि कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मला येथे तिच्याकडे एका वाचनदोषाचे उदाहरण म्हणून पाहावयाचे आहे.

'स्वच्छता राखता येत नाही' या वाक्याचा कर्ता कोण? मुलगी. तिला कोणी शिकविले, किती दिवस, हात धरून की सांगून, साधने होती काय, न्हाणीघराला दार होते काय, तिला साहाय्य करणाऱ्या बाया किती, या प्रश्नांतला एकही त्या वाक्यात शिरत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, त्याआधी दोनच वर्षे याच देशात एका राष्ट्रीय संस्थेने अशी श्रेणी छापली होती, जिच्या पहिल्या भागात 'येत नाही' असे उत्तरच संभवत नाही. तेथे विचारले जाते ते एवढेच : किती साहाय्य दिले असता येते? पहिल्या भागाच्या व्याकरणाने तो प्रश्न विचारला गेला असता, तर उत्तर म्हणून शस्त्रक्रिया पुढे येण्याचे कारण नव्हते. शिक्षण आणि मनुष्यबळ पुढे आले असते. प्रश्न विचारला गेला तो दुसऱ्या भागाच्या व्याकरणाने, जेथे मूल एकटे असते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अक्षमतेचे २१ प्रकार मान्य केले. त्याच्या दहाव्या कलमानुसार, स्वेच्छेने आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून, वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया अक्षम व्यक्तीवर करता येत नाही. कायदा योग्य आहे. परंतु संमती म्हणजे 'होय' आणि 'नाही' यांपैकी एकाची निवड. ज्या मुलीचे प्रत्येक 'नाही' लहानपणापासून बंडखोरीच्या खाती जमा होत आले, तिची संमती वाचणार कोण आणि कशी? वर्तन-साहाय्याच्या सेवा ही कायद्याची पुरवणी नव्हे. त्यांच्याशिवाय कायद्यातील 'संमती' हा शब्द पोकळ राहतो.

मग वर्तनाची नोंद करावयाची तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी गद्याच्या अभ्यासकास तेराव्या शतकाकडे वळण्याचा मोह होतो. म्हाइंभटांनी संकलित केलेले श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र आपल्या आरंभीच्या गद्यग्रंथांपैकी एक आहे. महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार गोविंदप्रभू हे परमेश्वरावतार होत. त्यांना कोणत्याही निदानाच्या चौकटीत बसविण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. विचार करावयाचा आहे तो केवळ निवेदनपद्धतीचा. ऋद्धिपूरच्या लोकांना जे वागणे अगम्य वाटे, वेडेपणाचेही वाटे, ते म्हाइंभटांनी टिपले आहे. प्रत्येक लीळेत ठिकाण असते, उपस्थित माणसे असतात, आधीचा प्रसंग असतो, कृती असते आणि तिला मिळालेला प्रतिसाद असतो. किती वेळा, हे तेथे नाही. कोणासमोर आणि कशावरून, हे मात्र आहे. अगम्य वागण्यालाही अर्थ असला पाहिजे, तो आपल्याला लागत नसेल तर उणेपणा आपला आहे, या भूमिकेवर ते गद्य उभे आहे. भक्ताची ती श्रद्धा होती. वर्तन-साहाय्य करणाऱ्याने ती कार्यपद्धती म्हणून स्वीकारावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

यावर व्यवहारी माणूस विचारील की, तालुक्यात फिरणाऱ्या एकट्या विशेष शिक्षकाने प्रत्येक मुलाची लीळा लिहीत बसावे काय? प्रमाणपत्राला टक्केवारी लागते. कित्येक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. अनुदानाला आकडे लागतात. शिवाय मूल भिंतीवर डोके आपटत असताना अर्थ लावीत बसण्याला आईला वेळ नसतो. तिला आधी त्याचे डोके वाचवावयाचे असते. हे सारे खरे आहे. धोका टाळणे हे पहिले काम, यात वाद नाही. अंकही टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो. म्हणून परिस्थिती बदलून, वर्तन घटते काय हे मोजूनच तो पडताळला पाहिजे. म्हणजे मोजणी हवीच. पण ती अर्थाची चाकर म्हणून, धनीण म्हणून नव्हे. दुसऱ्या भागातील प्रत्येक २ या अंकापुढे 'केव्हा' आणि 'मग काय झाले' अशी दोन घरे वाढविली, तर कागद फारसा वाढणार नाही. आणि मूल 'पुरे' ही खूण शिकू लागले, की त्या खुणेची नोंद पहिल्या भागाच्या पद्धतीने करता येईल : हात धरून २, सांगून ३, खुणेने ४, आपण होऊन ५. दोषाचे कलम शिक्षणाचे कलम होईल.

मुख्य प्रश्न राहतो तो सेवा कोठे असावी याचा. १९८७ साली लोवास यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीत आठवड्याला ४० तासांचे एकेका मुलाचे शिक्षण होते. सांगोल्याहून सोलापूर सुमारे ८० किलोमीटर आहे आणि तज्ज्ञांची तपासणी बहुधा जिल्ह्याच्या वा त्याहून मोठ्या गावीच होते. तेथल्या खोलीत ना ब्लोअर असतो, ना तोडणीचे मजूर. जो प्रसंग वाचावयाचा, तो वस्तीवरच राहिलेला असतो. म्हणून गोव्यातील एक प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाचे इशारे ओळखावयास शिकविले. पालक आणि मूल एकत्र खेळत असतानाचे चित्रण पालकांनाच दाखवून ते हे करीत. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी आपण होऊन साधलेला संवाद वाढला. सर्वच बाबतींत सुधारणा झाली नाही, हेही त्याच वृत्तान्तात नमूद आहे. तरी दिशा स्पष्ट आहे : अर्थ लावण्याचे काम घरी नेता येते आणि ते घरच्यांना शिकविता येते.

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. फळ नासू नये म्हणून गाडी बागेजवळ आली, आणि ते योग्यच झाले. मुलाच्या बाबतीत मात्र अजूनही मुलानेच सेवेकडे जावे अशी आपली अपेक्षा असते, आणि जाताना तो आपला सारा संदर्भ मागे टाकून जातो.

सांगोला तालुक्यातील नाझरे हे कवी श्रीधरांचे गाव. त्यांच्या पोथ्या महाराष्ट्रात घरोघर वाचल्या गेल्या. त्या वाचनाची एक रीत होती : एकाने ओवी म्हणावयाची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावयाचा. अर्थ सांगणारा नसला तर पारायण होई, पण पोथी कळली असे कोणी म्हणत नसे. आपल्या वर्तन-मापनश्रेणीचे पारायण तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अर्थ सांगणारी माणसे वस्तीवस्तीवर तयार करणे, हे काम अजून पुष्कळसे राहिले आहे. आणि शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व मराठी या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांना त्यात वाटा उचलता येण्याजोगा आहे.